परवा म्हणजे कधी

३ ऑक्टोबर, सोमवार

आजच्या मीटिंगमध्ये कुणी दार आपटलं नाही, कुणी रडलं नाही आणि चहा शेवटपर्यंत गरम राहिला. समन्वयक म्हणून पहिल्याच दिवशी याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा झाला.

नवरा म्हणतो, पद नवीन असलं तरी काम तुझं जुनंच आहे. खरंय. दगडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे हा माझा पगारी धंदा, आणि लोकांची भांडणं मिटवायची हा जन्मजात. आमची प्रयोगशाळा एका बंद पडलेल्या खाणीत आहे, डोंगराच्या पोटात. खडक तापवला की तो कसा वागतो, ते आम्ही तिथे बघतो. बाहेर एकमजली ऑफिस, ऑफिसात मीटिंगची खोली, आणि त्या खोलीत पाच माणसांच्या चार मातृभाषा. मुख्य बाईंची एक. तिसऱ्या वळणावर खडकात हीटर घालून बसलेल्या पाहुण्याची दुसरी. तो सहा महिन्यांसाठी आला होता, आता तिसरं वर्ष लागलं, तरी नाव पाहुणाच राहिलं. बोगद्याची देखभाल बघणाऱ्या इंजिनिअरची तिसरी. त्याला आम्ही खाणवाला म्हणतो. मी आणि मिरची मराठी. आणि मीटिंग चालते ती पाचव्याच भाषेत, जी कुणाचीच नाही आणि म्हणून सगळ्यांनी सारखीच मोडलेली आहे. मला या पाचही येतात. बढाई म्हणून लिहीत नाही. बरं, बढाई म्हणूनच लिहितेय, डायरी माझीच आहे.

मिरची हे नाव मी ठेवलं. तिला इथे आणलंही मीच. मला ताई म्हणते. बोगद्याच्या भिंती एकमेकींकडे किती सरकल्या, छत किती खाली आलं, हे मोजणं तिचं काम. हुशार आहे, पण फटकळ. मीटिंगची भाषा तिला वाचता येते, आकडे मांडता येतात, पण राग आला किंवा भीती वाटली की तोंडातून फक्त मराठी बाहेर पडतं. आणि राग तर नाकावरच असतो. मग ती माझ्याकडे बघून बोलते आणि मी पुढे पोचवते.

आज म्हणाली, "ताई, यांना सांग, तिसऱ्या वळणाचं छत खाली यायला लागलंय. गेल्या आठवड्यात जेवढं आलं तेवढं मागच्या अख्ख्या वर्षात आलं नव्हतं. हीटर बंद करा, पोलादी कमानी लावा. नाहीतर कुणीतरी मरेल आत, आणि मग बसा इथेच शोकसभा घेत."

शोकसभा! बाईंच्या तोंडावर! मी सांगितलं, "तिसऱ्या वळणाच्या छताकडे जरा लक्ष द्यावं असं तिला वाटतं. जमलं तर कमानी."

बाईंनी मान डोलावली. पाहुणा म्हणाला, माझ्या गणिताप्रमाणे छत लवकरच स्थिर होईल. खाणवाला म्हणाला, कमानींचं सामान मागवावं लागेल. आणि पुढचा विषय सुरू झाला. याला साखरपेरणी म्हणतात. चिमूटभर टाकली की मिरचीसुद्धा पचते.

५ ऑक्टोबर, बुधवार

मिरचीने मला जिन्यात गाठलं. "ताई, परवा मी एवढं बोलले आणि तू तीन शब्दांत संपवलंस?"

"त्यांची भाषा आटोपशीर आहे गं."

"शोकसभेला काय म्हणतात त्यांच्या भाषेत?"

मी हसून वेळ मारून नेली. ती हसली नाही. मला जरा लागलंच. जिच्यासाठी एवढं करते तिने असं उलटतपासणी घेतल्यासारखं बोलावं?

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तू मधे पडलीस की भांडण मिटत नाही, झाकलं जातं. तुझ्या नणंदेच्या वेळीही तसंच झालं होतं."

नणंदेचा विषय काढायची काही गरज नव्हती.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मात्र मजा आली. चहाच्या वेळी पाहुण्याने मराठीची शिकवणी मागितली. त्याला आमची दोघींची कुजबुज कळत नाही याचं दुःख आहे, आणि आपल्याला नावं ठेवतायत असं त्याला वाटतं. (ठेवतो कधीकधी.) काल, आज, उद्या झालं. मग त्याने विचारलं, उद्याच्या पुढच्या दिवसाला काय म्हणता?

"परवा," मिरची म्हणाली.

"आणि कालच्या मागच्या दिवसाला?"

"परवा."

पाहुण्याने कप खाली ठेवला. त्याला वाटलं आम्ही थट्टा करतोय. मग त्याने दोन्ही हातांची बोटं धरून, एक हात मागे एक हात पुढे करून, पुन्हा विचारलं. आम्ही दोघींनी एका सुरात "परवा" म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही लोक जिवंत कसे राहिलात? गाडी परवा, डॉक्टर परवा, लग्न परवा. झालं की व्हायचंय?"

मिरचीला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी तिला असं हसताना बघितलं. मी त्याला समजावलं, अहो, क्रियापद असतं ना. 'परवा गेला' म्हटलं की मागचा, 'परवा जाईल' म्हटलं की पुढचा. क्रियापद सगळं सांगतं.

"क्रियापद," त्याने घोकलं. त्याच्या तोंडी तो शब्द 'क्रीयाऽपद' असा काहीतरी कीटकनाशकाच्या नावासारखा वाटत होता. जाईपर्यंत घोकत होता.

मिरची गेल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "ती माझ्यावर रागावलीय का? हीटरवरून?" मी म्हटलं, छे, मुळीच नाही. त्याचा चेहरा उजळला. सोमवारी तिने मला विचारलं होतं, पाहुण्याला कळतंय ना मी काय म्हणते ते? तिलाही मी हो म्हटलं होतं. दोघंही आता निश्चिंत आहेत. एका दगडात दोन पक्षी, आणि पक्षी जिवंत!

१० ऑक्टोबर, सोमवार

आजची मीटिंग अवघड गेली. निभावली, पण घाम फुटला.

मिरचीने नवे आकडे टेबलावर ठेवले. छत थांबलेलं नाही. पाहुण्याच्या गणिताने ते थांबायला हवं होतं, म्हणून त्याने मोजण्यात चूक आहे का असं विचारलं. अगदी सभ्यपणे विचारलं. पण झालं, ठिणगी पडली. मिरची लाल झाली आणि सुटली मराठीत. "माझी चूक? याला म्हणावं, ये माझ्याबरोबर आणि उभा राहा त्या छताखाली. आणि बाईंना विचार, आत त्यांची स्वतःची मुलगी काम करत असती तर असा चहा गेला असता का घशाखाली?"

बाईंना मुलगी आहे, विशीतली. मी घाईघाईने म्हटलं, "आकडे बरोबर आहेत अशी तिची खात्री आहे. आत काम करणाऱ्यांची तिला काळजी वाटते."

तेव्हा बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याशी थेट त्यांच्या स्वतःच्या भाषेत बोलल्या. तसं त्या क्वचितच करतात. म्हणाल्या, "तिला स्पष्ट विचार. तिला धोका वाटतो का? वाटत असेल तर एक ओळ लिहून दे म्हणावं. मी उद्याच बोगद्याला कुलूप घालते. बाकीचं मी बघते."

खोलीत ही भाषा कळणारी मी एकटीच. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पाहुण्याकडे बघितलं. दोन वर्षांहून जास्त त्याने तो खडक पोटच्या पोरासारखा सांभाळलाय. हीटर बंद म्हणजे सगळं पाण्यात. मिरचीला नुसतं सांगायची खोटी, ती तिथल्या तिथे लिहून देईल, रागाच्या भरात, आणि जन्मभर पस्तावेल. आणि माझ्या दुसऱ्याच मीटिंगमध्ये प्रयोगशाळेला टाळं!

मी मिरचीला म्हटलं, "बाई म्हणतायत, विचार करू."

"विचार?" मिरची म्हणाली. नुसतं तेवढंच. मग खिडकीबाहेर बघत बसली.

बाईंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढ्यात नको."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला वाटतं त्या रागात बोलल्या होत्या. रागात बोललेलं पोचवायचं नसतं, हे मला आईने शिकवलंय. दोन विहिणींमध्ये तिने तीस वर्षं निरोपांची ये-जा केली, आणि एकाही लग्नात पंगत उठली नाही. तरी लिहून ठेवते, की आज जेवताना घास उतरला नाही. बाईंचा आवाज आठवत राहिला. तो रागाचा होता का? शांत होता. पण काही माणसांचा राग शांतच असतो.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आज मिरचीबरोबर आत गेले. तीच म्हणाली, "ताई, तू चल. माझं ऐकून ऐकून तुझे कान किटलेत, आता डोळ्यांनी बघ."

माझे दगड मला लोक पिशवीत घालून आणून देतात. आत जायची वेळ फारशी येत नाही. हेल्मेट, दिवा, गुडघ्यापर्यंतचे बूट. पहिल्या वळणापर्यंत गार. दुसऱ्या वळणावर खाणवाल्याच्या जुन्या कमानी, शेजारून भिंतीला लागून हवेची लोखंडी नळी शेवटपर्यंत गेलेली. तिसरं वळण असं आहे की पुढचं काही दिसत नाही. दगडाला वळसा घालूनच जावं लागतं. वळलो आणि ऊब लागली. भिंतीला हात लावला तर ताप आलेल्या कपाळासारखी. पाहुण्याचे हीटर.

मिरचीने फीत ताणली. "आकडा तूच वाच. नाहीतर म्हणशील, मिरची पराचा कावळा करते."

मी वाचला. मग तिने आधीचा सांगितला. मी फीत पुन्हा एकदा वाचली.

तेवढ्यात आवाज झाला. मोठा नाही. अंधारात कुणीतरी सावकाश बोटं मोडतंय, तसा. एक. मग थोड्या वेळाने आणखी एक. माझ्या कॉलरमध्ये बारीक खडी पडली.

"रोज असतं?" मी विचारलं.

"आधी नसायचं."

मी घाबरले. इथे खोटं कशाला लिहू? बाहेर येऊन उन्हात उभी राहिले तरी मानेवरची खडी टोचत होती. मिरची हेल्मेट काढत म्हणाली, "मी आता कमानी लागल्याशिवाय तिसऱ्या वळणाच्या पुढे जाणार नाही. सांग त्यांना. आणि जसंच्या तसं सांग, ताई. साखर नको."

म्हणजे तिला माहीत आहे. किती माहीत आहे, कोण जाणे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

जमवलं! कमानी मंजूर!

बाईंकडे सकाळीच गेले, त्यांच्या भाषेत बोलले. छत, खडी, आवाज असलं काही काढलंच नाही. सरळ धोका म्हटलं असतं तर त्यांनी त्या दिवशीची गोष्ट काढली असती, लेखीची. त्याऐवजी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बाहेरचे शास्त्रज्ञ बोगदा बघायला येणार आहेत. तिसऱ्या वळणावर नव्या कमानी असल्या तर किती व्यवस्थित दिसेल, तुमच्या दूरदृष्टीचं कौतुक होईल. बाई खूश. खाणवाल्याला तिथेच बोलावून घेतलं. सामान आलेलंच होतं. शनिवारी, म्हणजे उद्याच, त्याची माणसं कमानी लावणार. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ते काही उगाच नाही.

मिरचीला सांगितलं, "उद्या लागतायत तुझ्या कमानी." तिने मला मिठीच मारली. कशा मंजूर झाल्या ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ती आता बुधवारपर्यंत रजेवर आहे. भावाला मुलगी झालीय, आत्याबाई बघायला निघाल्या. जाताना म्हणाली, "सोमवारी मीटिंगमध्ये काय होईल ते कळव हं. कमानी लागल्या की सगळ्यात आधी मला कळव."

"कळवते गं बाई. जा आता, गाडी चुकेल."

१७ ऑक्टोबर, सोमवार

मिरची नसली की मीटिंग कशी लोण्यासारखी होते. हे लिहायला नको, पण झाली खरी.

कमानी लागलेल्या नाहीत. शनिवारी खाणवाल्याच्या माणसांची गाडी आलीच नाही. आणि बाहेरच्या शास्त्रज्ञांचं येणं महिनाभर पुढे गेलंय, म्हणून बाईंनाही आता घाई नव्हती. म्हणाल्या, बुधवारी लावा. खाणवाल्याने तिसऱ्या वळणाच्या अलीकडे लाल फीत बांधलीय, काम होईपर्यंत कुणी जाऊ नये म्हणून. पाहुणाही आत जाणार नाही म्हणाला. मग मी तरी कशाला ताणू? शनिवारचं बुधवारवर गेलं, एवढंच.

मिरचीला सगळं रामायण कळवायचं मनात होतं. मग विचार केला, गाडी आली नाही म्हटलं की ती भडकेल. बाहेरच्या शास्त्रज्ञांना दाखवायलाच लावणार होते हेही तिला कळेल. तान्ह्या बाळाच्या घरात हिचा आरडाओरडा कशाला? वाईट बातमी सांगायची तर चांगल्या टोकाकडून धरून सांगावी. बस स्टॉपवरून मेसेज केला:

"तिसऱ्या वळणाच्या कमानी परवा! आता तरी हस."

लगेच उत्तर आलं. "हसले! ताई, तू म्हणजे तू. आता इथे चैन पडायचं नाही. उद्या पहिल्याच गाडीने येते."

बघा. भाचीला मांडीवरून खाली ठेवून, रजा अर्धी सोडून धावत येतेय. कामाची अशी ओढ असलेली माणसं हल्ली मिळत नाहीत. नवऱ्याला मेसेज दाखवला. तो म्हणाला, "कमानी बुधवारी ना? मग ही उद्या कशाला येते?" म्हटलं, आकडे मांडायचे असतील. तो म्हणाला, असेल.

आज शांत वाटतंय. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

बोगद्याच्या तोंडाशी, खाणवाल्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून लिहितेय. हाताला काहीतरी काम हवं.

सकाळी ऑफिसात शिरले तर कुणीच नव्हतं. कप टेबलावर तसेच. बाहेर धावणारी माणसं. मिरची गाडीतून उतरून थेट आत गेली होती. दारावरच्या पहारेकऱ्याने तिला लाल फितीबद्दल सांगितलं, तर म्हणाली, माहितीय, ती जुनी आहे, काढायची राहिली असेल. त्यानंतर आवाज आला म्हणे. मग धूळ बाहेर आली.

छत तिसऱ्या वळणावर बसलं. ती पलीकडे आहे. जिवंत आहे, कारण नळी वाजत होती. हवेची ती लोखंडी नळी दगडांखालून अजून आरपार आहे, आणि दुसऱ्या वळणावर तिचं तोंड उघडून कान लावला की पलीकडचं ऐकू येतं. खाणवाला तिथे ओरडून विचारत होता, लागलंय का, पाणी आहे का, छताचा कुठला भाग अजून हलतोय. ती उत्तरं देत होती, पण मराठीत. तिला दुसरं काही येईना. म्हणून मला आत नेलं.

मी नळीला तोंड लावून म्हटलं, "मी आहे गं."

"ताई." मग तिने धूळ खोकून काढली. "पाय अडकलाय. डावा. दिवा चालू आहे. ताई, मी वळले, तर कमानी नव्हत्याच. एकसुद्धा नव्हती. मागे फिरले तेवढ्यात खाली आलं. तू परवा म्हणाली होतीस ना? कमानी परवा?"

मी म्हटलं, "परवा म्हणजे..."

माझ्यामागे सगळे उभे होते. बाई होत्या, खाणवाला होता, पाहुणा होता. बाईंनी विचारलं, "काय म्हणते?" खाणवाल्याने विचारलं, "काय म्हणते?"

पाहुणा विचारत नव्हता. त्याने ऐकलं होतं. तो एक शब्द त्याला कळला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच, अगदी नीट उच्चार करत विचारलं, "क्रियापद?"

मी मान हलवली. नव्हतं.

मग मी सांगितलं. पाचव्या भाषेत, सगळ्यांना कळेल असं. ती म्हणते, कमानी परवा लागल्या असं मी तिला कळवलं, म्हणून ती आत आली. बाई त्यांच्या भाषेत, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी तर म्हटलं होतं, एक ओळ लिहून दे, कुलूप घालते." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. नळीकडे बघितलं नाही. त्यांचा आवाज त्या दिवशीसारखाच होता. शांत. तो राग नव्हता, तेव्हाही नव्हता.

खाणवाल्याने मला खांद्याला धरून पुन्हा नळीपाशी बसवलं. "नंतर," तो म्हणाला. "आता तिला विचार, पाणी कुठून ठिबकतंय?"

मी विचारलं. तिने सांगितलं ते सगळं सांगितलं. ती रडत म्हणाली तेही सांगितलं, मला शिवी दिली तीही सांगितली. शिवीला त्याच्या भाषेत शब्द शोधायला वेळ लागला, पण शोधला. दुपारपर्यंत असंच चाललं. घसा बसला.

मग तिने विचारलं, "कधी काढतायत मला?"

मी खाणवाल्याला विचारलं. त्याने छताकडे दिवा फिरवला. वरून बारीक खडी पडत होती. म्हणाला, "बाजूने वाट काढावी लागेल. आजपासून तिसऱ्या दिवशी पोचू. छत टिकलं तर." आणि मग थोडं थांबून, "हे शेवटचं तिला सांगायलाच हवं असं नाही."

माझ्या तोंडात तयार होतं. 'लवकरच, राणी.' इतकं तयार होतं की जीभ वळलीसुद्धा.

"परवा," मी म्हटलं.

नळीतून एकदम बारीक आवाज, "परवा म्हणजे कधी, ताई?"

"परवा काढतील. अजून व्हायचंय. आज मंगळवार, उद्या बुधवार, परवा गुरुवारी तुझ्यापर्यंत पोचतील." मी थांबले. पाहुणा माझ्याकडे बघत होता. "छत टिकलं तर."

ती म्हणाली, "हं. आता कळलं."

१९ ऑक्टोबर, बुधवार

नवरा डबा घेऊन आला होता. सासूबाईंनी पाठवला. त्या काही म्हणाल्या का, असं मी विचारलं. "नाही," तो म्हणाला. त्यांनी काही म्हटलं नाही, हेच जास्त लागलं.

मी नळीपाशीच बसलेय. अधूनमधून आत बोटं मोडल्याचा आवाज येतो आणि वाट खणणाऱ्या सगळ्यांचे हात थांबतात. मग पुन्हा चालू होतात. पाहुण्याने काल स्वतः जाऊन हीटरची वीज तोडली. भिंत गार व्हायला किती दिवस लागतील ते त्याला माहीत आहे, पण तो सांगत नाही आणि मी विचारलं नाही. बाई येतात, उभ्या राहतात, जातात. माझ्याशी फक्त मीटिंगच्या भाषेत बोलतात.

मिरचीचा आवाज कालच्यापेक्षा लहान झालाय. सकाळी तिने विचारलं, "ताई, आता कधी?"

मी म्हटलं, "उद्या."

उद्याला एकच अर्थ आहे. तरी मी पुढचं सगळं म्हटलं. "उद्या काढतील. छत टिकलं तर."

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.